माप सांगा

टाकीवर नाव होतं तोरेल्ला.
पंपावरचा पोरगा वाचायचा तोरणा
आणि विचारायचा, ताई, ही किल्ल्यावाली कंपनी का?
आता अक्षरं उडालीत. नुसतं 'ल्ला' राहिलंय,
लांबून हाक मारल्यावर जे ऐकू येतं तेवढं.

शोरूम होतं साठ किलोमीटरवर.
काचेच्या दारात पेढा देऊन फोटो काढला होता माझा,
हातात पुठ्ठ्याची चावी, हातभर लांब.
तिसऱ्या वर्षी ब्रेकचे पॅड आणायला गेले
तर त्याच दारात गाद्या उभ्या, प्लास्टिक घातलेल्या.
गादीवाल्यानं पाणी दिलं, बसा म्हणाला.
बसले. मऊ होती.

मग पार्ट नंबर पाठ केले,
सात आकडे, मधे आडवी रेघ.
पुण्याच्या माणसानं विचारलं, कुठून बोलताय?
जालना म्हटल्यावर जरा थांबला.
तिकडं कोण चालवतं ही?
मी, म्हटलं.
गावाबाहेर मुरमाचं टेकाड आहे,
रविवारी सकाळी सहाला तिथं दुसरं कुणी नसतं,
हे त्याला सांगितलं नाही.
तो म्हणाला, चार महिने लागतील, पण नक्की नाही.

नव्या मोंढ्यात झंवरशेठचं बेअरिंगचं दुकान.
मी तो-रे करायला लागले
तर चष्म्यावरून बघितलं त्यांनी.
"कंपनी ऱ्हाऊ द्या बाई. माप सांगा."
एक्केचाळीस, चोपन्न, अकरा.
खालच्या फळीवरून पुडी आली,
ट्रॅक्टरचं ऑइल सील का पंपाचं, कोण जाणे.
बसलं. घट्ट.
त्या रात्री वाटलं,
आपल्यालाही कुणीतरी असंच विचारावं,
नाव ऱ्हाऊ द्या, माप सांगा.
मग वाटलं, नको.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किनवटहून फोन.
रोहिदास आडे. जुनी घेतलीय म्हणे, हीच.
माझा नंबर गाडीसोबतच मिळाला त्याला,
सीटखाली चिकटवलेला.
पुढचं स्प्रॉकेट गेलंय, दातांचे नुसते काटे झालेत.
"तुमच्याकडं एखादं पडलंय का वो, ताई?"
होतं. ग्रीस लावून, पेपरात गुंडाळून, गव्हाच्या कोठीमागं.
एकच.
नाही, म्हटलं.
तो बरं म्हणाला, आणि फोन ठेवेना.
मागं शेळी ओरडत होती.
"मग कुठं मिळंल, ते तरी?"

शफीचाचांकडं नेलं ते, आणि अख्खी गाडीही,
कारण "बसतंय का बघितल्याबिगर कसं देऊ?"
आठ दिवस ती त्यांच्या शेडमधे उघडी,
चेन फडक्यावर, सळईच्या गिरणीची काजळी सीटवर.
मी रिक्षानं कामाला.
आमच्या गल्लीत विचारलं चौघांनी,
विकली का शेवटी?
"एक काय अन् तीन काय,
मशीन लावायचा तरास तेवढाच," म्हणत
चाचांनी तीन केली.
पहिलं हातात दिलं तेव्हा कोमट होतं.
कंपनीचं त्यांनी कानाशी धरून टिचकी मारली
आणि तोंड वाकडं केलं.
मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

स्टँडवर पार्सलच्या खिडकीत विचारलं, आत काय?
लोखंड.
किती?
तेरा दात, म्हणणार होते. म्हटलं, पाव किलो असेल.

चार दिवसांनी त्याचाच फोन.
"बसलं, ताई.
पर ह्याच्यावर नाव कायच नाही वो."
कोठीमागचं पुन्हा कोठीमागं होतं.
मी म्हटलं, दात मोज.
तो मोजत राहिला, मोठ्यानं,
सातावर चुकला, पुन्हा पहिल्यापासून.